कटरा मशिदीच्या पायऱ्यांखाली

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनातून लालगोला पॅसेंजर धरली तेव्हा उजाडायचं होतं. मुर्शिदाबाद स्टेशनात उतरलो तर टोटोवाल्यांचा एकच गलका, हजारदुआरी, हजारदुआरी! टोटो म्हणजे आपली ई-रिक्षा. मी आमच्या टोटोवाल्याला म्हटलं, दादा, आधी कटरा मशीद. त्याला नवल वाटलं. इथं येणारा जो तो पहिल्यांदा हजारदुआरीचा राजवाडा बघतो. पण तो बांधून झाला १८३७ साली, आणि ज्याच्या नावानं हे शहर ओळखलं जातं तो मुर्शिद कुली खान १७२७ मध्येच गेला होता. मला त्याच्याकडेच जायचं होतं. मी अकोल्याचा, आणि बंगालचा सुभेदार होण्याच्या कितीतरी आधी हा माणूस आमच्या वऱ्हाडात चाकरी करून गेला होता.

मशीद लांबूनच दिसते. बारीक, चपट्या विटांचे दोन जाडजूड अष्टकोनी मनोरे. पाच घुमट होते, त्यातले काही १८९७ च्या भूकंपात कोसळले, तिथं आता नुसतं आभाळ आहे. चौकाच्या भोवतीनं खोल्यांच्या रांगा, इथं विद्यार्थी राहायचे. पूर्वेच्या बाजूला चौदा-पंधरा पायऱ्या, आणि त्या पायऱ्यांच्या पोटात एक बुटकी खोली. वाकून आत डोकावलं. ओल धरलेल्या भिंतींचा वास आणि अंधारात एक साधी कबर, मुर्शिद कुली खानाची. वर नमाजाला जाणाऱ्यांचे पाय आपल्यावरून जावेत, ही त्याचीच इच्छा होती असं सांगतात. ज्याच्या धाकानं अख्ख्या बंगालचे जमीनदार कापायचे, त्यानं मागितलेली ही जागा. माझा पाय पहिल्या पायरीवर ठेवताना खरंच कचरला.

‘मआसिर-उल-उमरा’ या फारसी ग्रंथात त्याचं मूळ ब्राह्मणाचं सांगितलं आहे. लहानपणी विकला गेला. हाजी शफी इस्फहानी नावाच्या इराणी अंमलदारानं त्याला घेतलं, मुहम्मद हादी नाव ठेवलं, पोरासारखं वाढवलं आणि इराणला नेलं. हाजी शफीच्या मृत्यूनंतर तो दख्खनेत परतला आणि वऱ्हाडच्या दिवाणाच्या, म्हणजे महसूल बघणाऱ्या अंमलदाराच्या, हाताखाली लागला. बाळापूर, एलिचपूर ही त्या सुभ्याची मोठी ठाणी. बाळापूरच्या किल्ल्यावर मी लहानपणापासून जातो, पण हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. हिशेबात पक्का म्हणून औरंगजेबाच्या नजरेत भरला आणि १७०० मध्ये बंगालचा दिवाण झाला.

तेव्हा सुभेदार होता बादशहाचा नातू अझीम-उश-शान, ढाक्याला. दिवाण पै-पैचा हिशेब विचारू लागला तसं दोघांचं बिनसलं. पगार थकलेल्या स्वारांनी भर रस्त्यात दिवाणाला घेरलं, त्यामागं शहजाद्याचा हात होता असं बखरी सांगतात. दिवाण डगमगला नाही. कचेरी उचलून भागीरथीकाठच्या मखसूदाबादला आणली, तेच हे मुर्शिदाबाद. माणिकचंद सावकारही पाठोपाठ आला, आणि त्याच्याच घराण्याला पुढं जगतशेठ हा किताब मिळाला. १७१७ मध्ये सुभेदारीही याच्याच हाती आली.

बंगालमध्ये त्याच्याबद्दल एकमत नाही. अंमलदारांच्या जहागिरी ओरिसात हलवून बंगालची जमीन त्यानं खालसा केली, सुभ्याचे तेरा चकले, म्हणजे महसुली विभाग, पाडले, आणि वसुलीत कुणाची गय केली नाही. थकबाकीदार जमीनदारांना घाणीनं भरलेल्या खड्ड्यातून ओढायचे आणि त्या खड्ड्याला ‘वैकुंठ’ म्हणायचे, असं फारसी बखरींत आहे. ही मशीद देवळं पाडून बांधली असंही सांगतात. त्या बखरी त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी लिहिल्या गेल्या, त्यामुळं इतिहासकार शब्दन् शब्द धरत नाहीत. वसुलीवर त्यानं बहुतेक हिंदू कारभारी नेमले, नाटोरचं मोठं जमीनदार घराणं त्यातूनच वर आलं, हेही खरं. मला विचाराल तर खड्ड्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी तो निर्दयच ठरतो. जमीनदार पिळला की जमीनदार रयतेला पिळणार, हे त्याच्यासारख्या हिशेबी माणसाला कळत नसेल?

आणि तो पैसा जात कुठं होता? इथून वर्षाला कोटभर रुपये गाड्यांवर लादून औरंगजेबाच्या छावणीत रवाना व्हायचे. ती छावणी तेव्हा आपल्या सह्याद्रीत होती. पन्हाळा १७०१ ला पडला, विशाळगड १७०२ ला, सिंहगड १७०३ ला. ज्या वेढ्यांच्या गोष्टी आम्ही शाळेत ऐकल्या, त्यांचा दारूगोळा इथल्या भातशेतीतून येत होता. मशिदीच्या चौकात उभं राहून हे मनाशी जुळवलं आणि मी तिथंच एका खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिलो.

शेजारी सावलीला एक म्हातारेबुवा बसले होते. कुठून आलात, त्यांनी हिंदीत विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. “बोर्गी!” म्हणाले. बोर्गी किंवा बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठे स्वार. राग नव्हता त्यात, पण मला अवघडल्यासारखं झालं. १७४२ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे भास्करराम कोल्हटकर बंगालात शिरले, त्यांच्या स्वारांनी मुर्शिदाबादेत जगतशेठची पेढी लुटली आणि गावंच्या गावं जाळली. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दी खानानं वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली तेव्हा ते थांबलं. आपल्याकडं हे ‘बंगालची स्वारी’ म्हणून दोन ओळींत उरकतात. आमच्या बारगिरांनी इथल्या बायाबापड्यांचे जे हाल केले ते आपण वाचायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

म्हातारेबुवांनी आईकडून ऐकलेलं अंगाईगीत म्हणून दाखवलं. बाळ झोपलं, बर्गी आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता खाजना कशानं भरायचा. खाजना हा शब्द मी त्यांना पुन्हा म्हणायला लावला. आमच्याकडं खजिना म्हणजे भरलेली तिजोरी, त्यांच्याकडं खाजना म्हणजे शेतसारा. बर्गी आणि सारा एकाच अंगाईत.

त्यांना नमस्कार करून निघालो. उतरताना पायऱ्यांच्या अगदी कडेनं उतरलो, आणि खाली आल्यावर त्या बुटक्या दारात पुन्हा एकदा वाकलो.