तपासायची नसलेली वही

महोत्सवात नवं कलादालन होणार आहे, त्यानिमित्ताने हे लिहितेय. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी आमचा हात वळणावर आणला, हे कबूलच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि ज्याचा सगळ्यांनाच कंटाळा ते भूमिती-अक्षरलेखन. पण रंगांशी माझी खरी ओळख झाली ती आठवीत चित्रकलेच्या सरांनी घालायला लावलेल्या वेगळ्या वहीत. ती वही ते कधी तपासत नसत. पान फाडायचं नाही आणि काय वापरलं ते खाली लिहायचं, एवढीच अट.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या ड्रॉइंगच्या वहीचा कागद जरा पाणी पडलं की पापडासारखा वाकायचा. मग सर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून ताव आणायचे. ही संस्था १९४० सालची. कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा. तो पाणी सावकाश पितो, त्यामुळे ओल्यावर ओला रंग सोडून तो पसरताना बघत बसायला वेळ मिळे.

मिठाचं पान मला अजून आठवतं. निळ्या जलरंगाचा पातळ हात मारायचा आणि वर जाडं मीठ पेरायचं. कागद चकचकीत ओला असताना टाकलं तर ते नुसतं विरघळतं, वाळल्यावर टाकलं तर काहीच होत नाही. चकाकी उतरू लागली की तेवढ्यात टाकायचं. मग प्रत्येक खडा भोवतालचं पाणी ओढतो आणि वाळल्यावर मीठ झटकलं की खाली फिकट चांदण्या उरतात. पांढऱ्या मेणबत्तीने आधी तिरक्या रेघा ओढून वरून करडा रंग फिरवला, की मेणावर पाणी ठरत नाही आणि लकडी पुलावरचा पाऊस आयता मिळतो. पुलाचे कठडे मात्र शेवटपर्यंत कुणालाच जमले नाहीत!

घरून हळद आणायला सांगितली तेव्हा आईने विचारलं, "शाळेत स्वयंपाक शिकवतात का?" हळदीच्या पाण्यावर चुन्याची निवळी सोडली की पिवळ्याचा तांबडा होतो, हे कुंकू करणाऱ्यांना जुनंच ठाऊक, आम्हाला ती जादू वाटली. सरांनी नुसत्या हळदीच्या एका पट्ट्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून तो वर्गाच्या खिडकीत चिकटवला. काही दिवसांनी कागद काढला, तर उघडा भाग पार फिका पडलेला. 'टिकाऊ रंग' म्हणजे काय, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही.

पुढे मी बँकेत लागले, चित्रकार झाले नाही. वही मात्र चालू आहे. परवाच भाचीच्या काळ्या स्केचपेनचा ठिपका टीपकागदावर देऊन कडेला पाणी लावलं. काळ्यातून निळा, जांभळा, गुलाबी असे रंग सुटे होत गेले. भाची लगेच हिरवा पेन घेऊन आली.

महोत्सव समितीला एक विनंती. नव्या कलादालनात उत्तम चित्रं लागतीलच, पण एका टेबलावर मीठ, मेणबत्त्या, हळद, चुना आणि भरपूर कागद ठेवा. कागदाचा खर्च माझ्याकडे.