सर्व्हिसिंगनंतरचे मिसिंग: तिसऱ्या सिलिंडरचा माग

सर्व्हिसिंग करून आणलेली गाडी कोल्हापूरहून पन्हाळ्याकडे जाताना वाघबीळच्या चढाला झटके मारू लागल्याचे मागील नोंदीत लिहिले होते. आता कारण सापडले आहे. ते एकाच सुट्या भागात नसल्यामुळे तपासाने बरीच वळणे घेतली, म्हणून या वेळची नोंद थोडी लांबली आहे.

गाडी १.२ लिटर क्षमतेची, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी असून ठिणगी पाडणाऱ्या प्रत्येक प्लगवर त्याला उच्च व्होल्टेजची वीज देणारी स्वतंत्र इग्निशन कॉइल आहे. सर्व्हिसिंगमध्ये ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदलले गेले, थ्रॉटल बॉडी साफ झाली, चारही प्लग नवे बसले आणि शेवटी इंजिनावर पाण्याचा फवारा मारून ते चकचकीत करण्यात आले. हा शेवटचा सोपस्कार मला कधीच पटलेला नाही. प्लगच्या खोल विहिरीत पाणी साचले की नवा प्लगही मिसिंग करतो, म्हणजे सिलिंडरातले मिश्रण पेटवणे मधूनमधून चुकवतो. म्हणून सर्वप्रथम चारही कॉइल उचलून विहिरी पाहिल्या. त्या कोरड्या होत्या. एअर फिल्टरच्या खोक्यापासून थ्रॉटलपर्यंतच्या नळीचे क्लॅम्पही घट्ट होते.

यापुढे काही उघडण्याआधी मिसिंग नेमके केव्हा होते, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटले. गाडी उभी असताना स्लो स्पीड स्थिर होता आणि उभ्या गाडीत रेस दिली तरी तक्रार नव्हती. शिरोलीकडे महामार्गावर सपाटीला एका वेगात चालवतानाही इंजिन शांत राही. मात्र चौथ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे १५०० च्या आसपास असताना, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की झटके सुरू होत आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागे. हा दिवा स्थिर पेटणे वेगळे आणि लुकलुकणे वेगळे. लुकलुकताना न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असते आणि तो अतितप्त होऊन निकामी होऊ शकतो. त्यामुळे चाचणीपुरतेच चढ चढायचे आणि दिवा लुकलुकला की पाय सोडायचा, असे ठरवले.

गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या ब्लूटूथ स्कॅनरवर पी ०३०३ आणि पी ०१७१ असे दोन कोड मिळाले. पहिला तिसऱ्या सिलिंडरचे मिसिंग सांगतो, तर दुसरा मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त असल्याचे. दुसरा कोड पाहताच गॅरेजमधील मिस्त्री म्हणाले, "पावणं, इंजेक्टर चोक झाल्यात, काढून साफ करूया." मिस्त्रींचा हात चांगला आहे, पण पेट्रोल फवारणारे इंजेक्टर तुंबल्याच्या या निदानाशी मी सहमत झालो नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला प्राणवायू मोजतो. सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातील प्राणवायू न वापरता तसाच बाहेर पडतो आणि सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, भासते; मग ईसीयू (इंजिनाचा संगणक) निष्कारण पेट्रोल वाढवत जातो. म्हणजे पी ०१७१ हे मिसिंगचे कारण असू शकते, तसाच तो मिसिंगचा परिणामही असू शकतो. यातला निवाडा फ्युएल ट्रिमच्या, म्हणजे ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो वा घटवतो त्याच्या, आकड्यांनी केला. नळीतून किंवा गॅस्केटमधून चोरटी हवा येत असती, तर स्लो स्पीडला ट्रिम सर्वाधिक वाढला असता, कारण मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांतील) निर्वात चढापेक्षा तेव्हा बराच जास्त असतो. येथे मात्र स्लो स्पीडला तो ३ टक्क्यांच्या आत होता आणि मध्यम चढावर, झटके बसतानाच, वर चढत होता. त्यामुळे चोरट्या हवेची शंका मिटली आणि पी ०१७१ हा मिसिंगचा परिणामच असावा, असे वाटले.

त्यानंतर तिसऱ्या सिलिंडरची कॉइल तिच्या रबरी बुटासह (प्लगच्या वरच्या टोकावर चढणाऱ्या टोपणासह) पहिल्यावर आणि पहिलीची तिसऱ्यावर बसवली, कोड पुसले आणि पुन्हा चढ गाठला. नियम सोपा आहे: कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलमध्ये किंवा बुटात, जागेवर राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनमध्ये. परंतु परत आल्यावर पी ०३०१ आणि पी ०३०३ हे दोन्ही कोड हजर होते! दोष सरकलाही होता आणि जागेवरही राहिला होता.

तिसरा प्लग बाहेर काढल्यावर उलगडा झाला. पांढऱ्या चिनी मातीच्या नळीवर केसाएवढी चीर होती आणि तिच्या कडेने, वरच्या टोकापासून धातूच्या षटकोनापर्यंत, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ उमटली होती. बूट उलटा करून विजेरीने पाहिले असता आतील रबरावरही तशीच रेघ दिसली. (षटकोनालगतचे तपकिरी कडे याहून वेगळे, तो कोरोना डाग असतो आणि त्यावरून प्लग टाकून देण्याचे कारण नाही.) प्लग आवळताना पाना तिरका झाला की चिनी मातीवर आडवा ताण येऊन अशी चीर पडते आणि विहिरीच्या खोलीमुळे ती वरून दिसत नाही. चढावर सिलिंडरमधील दाब वाढतो, दाब वाढला की प्लगच्या खालच्या टोकाच्या फटीतून ठिणगी उडण्यास अधिक व्होल्टेज लागते, आणि मग वीज फटीपेक्षा सोपी वाट शोधत बाहेरच्या बाहेर हेडच्या धातूत उतरते. एकदा ही वाट पडली की कार्बनमुळे ती पक्की होते आणि समोरच्या रबरालाही डागते. म्हणूनच डागलेला बूट चांगल्या प्लगवर गेला तरी तेथे मिसिंग झाले आणि फुटका प्लग चांगल्या बुटाखालीही चालेना. नुसता प्लग बदलला असता तर काही दिवसांत तोही डागला असता.

गॅरेजने नवा प्लग विनामूल्य दिला. बूट सुटा मिळाला, त्यामुळे संपूर्ण कॉइलचा खर्च वाचला. फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्टीने) फट १.१ मिलिमीटर असल्याची खात्री केली आणि शिवाजी उद्यमनगरातील एका परिचित वर्कशॉपमधून टॉर्क पाना (मोजलेल्या जोराने आवळण्याचा पाना) आणला. प्लग आधी हातानेच शेवटपर्यंत फिरवला आणि मग इंजिन गार असताना २५ न्यूटन मीटरवर आवळला. उरलेले तीन प्लगही काढून पाहिले. त्यांना चीर नव्हती, मात्र दुसरा इतका सैल होता की पान्याला जोरच लावावा लागला नाही. तोही त्याच मापावर आवळला.

वाघबीळचा चढ चौथ्या गिअरमध्ये मुद्दाम कमी फेऱ्यांवर चढवून पाहिला. स्कॅनरवर चारही सिलिंडरचे मिसिंग मोजणारे आकडे शून्यावर राहिले आणि एरवी या चढावर ९ टक्क्यांवर अडकलेला दीर्घकालीन ट्रिम हळूहळू २ पर्यंत उतरला. इंजेक्टरना हात लावावा लागला नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची ईसीयूकडून होणारी स्वयंतपासणी कोड पुसल्यामुळे अद्याप अपूर्ण आहे. ती पूर्ण होऊन पी ०४२० (कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचा कोड) उमटतो की नाही, ते पुढील नोंदीत लिहीन.