तुम्ही विचारलंत म्हणून: मलवाहिनी रानातून का नेली?

‘झाडांबद्दल एवढं बोलता, मग ड्रेनेजची लाइन रानातून न्यायला तुम्ही हो कशा म्हणालात?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता सगळ्यांना एकदाच उत्तर देते. पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल मी केला, सही माझी आणि शिफारसही माझीच. लाइन ओढ्याच्या काठाने, झाडांमधून, उताराने जावी असंच मी लिहिलं.

रान फुकट मिळतं म्हणून लाइन तिकडे वळवली, हा आरोप मला मान्य नाही. सांडपाणी उताराने वाहतं आणि सगळ्यात सखल जागा म्हणजे ओढ्याची घळ. घळीत बांधकाम करणं अवघड, म्हणून झाडोराही तिथेच टिकतो. रान ज्या कारणाने वाचलेलं असतं, त्याच कारणाने पाइप त्याच्या वाट्याला येतो. २०० मिलिमीटरच्या पाइपला शंभर मीटरमागे साधारण ४० सेंटिमीटर उतार लागतो. त्याहून कमी दिला की पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली जातो आणि मैला तळाशी बसायला लागतो. म्हणजे किलोमीटरभरात पाइप ४ मीटर खाली जाणार. वरचा रस्ता त्याच अंतरात चढ चढत असेल, तर त्याच्याखाली किती खोल खणायचं याला मर्यादा आहे.

उरतो दुसरा पर्याय, ज्याबद्दल तुम्ही सगळे विचारता. सखल टोकाला पंपिंग स्टेशन बांधायचं आणि मैला दाबाने रस्त्याखालून वर चढवायचा. एकही झाड जात नाही. मग तो का नको?

कारण असं एक स्टेशन बंद पडलेलं मी उभं राहून पाहिलंय. दुसऱ्याच एका प्रकल्पाचं काम होतं, ओढ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायला गेले होते. संध्याकाळपासून पाऊस लागला आणि वीज गेली. जनरेटर सुरू होईना. पंप दोन होते, एक चालू आणि एक राखीव, दोन्ही धडधाकट. पण वीज नसली की राखीव पंपाचा काय उपयोग? ऑपरेटर टॉर्च धरून, मैला साठतो त्या विहिरीच्या कठड्यापाशी उभा होता. आतल्या भिंतीवर पातळीच्या खुणा रंगवलेल्या होत्या आणि एकेक खूण पाण्याखाली जात होती. घराघरांतून येणारा मैला कुणाच्या सांगण्याने थांबत नाही, त्यात झाकणांच्या फटींतून पावसाचं पाणी शिरलेलं. तो पुन:पुन्हा फोन लावत होता, पलीकडून ‘माणूस निघालाय’ एवढंच सांगत होते. मी त्याला विचारलं, ‘आता काय होईल?’ त्याने टॉर्च वरच्या एका पाइपच्या तोंडावर धरली. मैला उलटा घरांत शिरू नये म्हणून स्टेशनला सांडवा ठेवतात, तो हा. तो कुठे निघतो हे मला माहीत होतं, नकाशात पाहिलं होतं. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. त्यानंतर आम्ही दोघं काही बोललो नाही.

सकाळी ओढ्याच्या कडेने खाली चालत गेले. काठावरच्या उघड्या मुळांना चिंध्या आणि प्लास्टिक अडकलेलं. एका डोहात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते, त्याखालच्या डोहात पोटं वर करून पडले होते. कच्च्या मैल्याचा बीओडी, म्हणजे तो कुजवताना जिवाणू किती प्राणवायू ओढून घेतील त्याचं माप, लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या घरात असतो. स्वच्छ ओढ्यात तो एक-दोन असतो. एवढा फरक एका रात्रीत सोसण्याइतका प्राणवायू त्या पाण्यात नव्हता. आणि त्या प्रकल्पाच्या अहवालात वृक्षतोडीच्या रकान्यात शून्य लिहिलेलं होतं. ते खरंही होतं.

म्हणून झाडं किती तोडली एवढ्याच आकड्यावर कुणी मला जोखलं की मला राग येतो. चर खणल्याने होणारं नुकसान बरंचसं दिवसाउजेडी होतं, सगळ्यांच्या देखत, आणि त्यावर अटी घालता येतात. पंपाचा धोका पंप असेपर्यंत दर पावसाळ्याला नव्याने उभा राहतो.

अटी मी घातल्या. ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकानुसार खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येत मुळांना धक्का लावायचा नाही. अर्ध्या मीटरच्या खोडाला ६ मीटर. त्यासाठी आखणी जागोजाग वाकवली आणि वळणावळणाला मॅनहोल वाढले. चराच्या बाजू ढासळू नयेत म्हणून आधाराच्या पेट्या लावल्या, माती कडेला न टाकता बाहेर नेली, त्यामुळे कामाची पट्टी अरुंद राहिली. वरची पालापाचोळ्याची माती वेगळी ठेवून शेवटी वरच पसरली. पाइपखालच्या खडीतून जमिनीतलं पाणी झिरपत निघून जातं आणि शेजारची ओल आटते, म्हणून चरात ठरावीक अंतराने चिकणमातीचे आडवे बांध घातले. न खणता जमिनीखालून भोक पाडत का नेली नाही, असंही विचारतात. त्या पद्धतीत इतका बारीक उतार सांभाळणं कठीण असतं, आणि भोक पाडताना दाबाने सोडलेला बेंटोनाइटचा, म्हणजे एका चिकणमातीचा, गाळ ओढ्याच्या तळातून वर फुटू शकतो.

एवढं करूनही ती पट्टी पुन्हा रान होणार नाही. पाइपाच्या सांध्यांत मुळं शिरतात, म्हणून त्यावर झाड वाढू द्यायचं नसतं. मोकळ्या पट्टीतून ऊन आणि वारा आत येतो, त्यांच्यामागून तण येतं. सावलीत वाढणारं जे होतं ते कडेपासून मागे सरकतं. शिवाय मुळं दुखावलेलं झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी शेंड्याकडून वाळत येतं. तेव्हा अहवाल कुणी उघडत नाही. हे मला सही करतानाही माहीत होतं.

या कामात नवी होते तेव्हा मी ठामपणे सांगायचे की रस्ता आहे तर लाइन रस्त्याखालूनच. त्या मुलीशी माझं भांडण अजून चालू आहे. ती विचारते, रानातलं मॅनहोल तुंबलं तर कळणार कुणाला? रस्त्यावर मैला आला की तासाभरात तक्रार जाते. रानात तो आठवडाभर ओढ्यात वाहील, आणि त्यासाठी वीज जाण्याचीही गरज पडणार नाही. मी तिला सांगते की झाकणं पुराच्या पातळीच्या वर आणि घट्ट बसणारी घेतली आहेत, पावसाळ्याआधी आणि नंतर पूर्ण लाइन चालत तपासायची अट करारात आहे. ती म्हणते, जनरेटरच्या देखभालीची अटही कुठल्यातरी करारात होतीच.

यावर माझ्याकडे उत्तर नाही. आज पुन्हा तेच दोन नकाशे समोर ठेवले तर मी घळीतल्याच लाइनवर सही करीन. पण तपासणीला कुणी गेलं का, कधी गेलं, किती झाकणं उघडून पाहिली, हे लाइन सांभाळणाऱ्या कार्यालयाला मी दर वेळी विचारते. तुम्हीही विचारा. मला विचारता त्याच आवाजात त्यांना विचारा.