कप-कॅलरीमीटर: नवसागर, १३-०-४५ आणि साधं मीठ

क्षार पाण्यात विरघळताना पाणी किती गार किंवा गरम होतं, ते कप-कॅलरीमीटरने, म्हणजे कपातल्या उष्णतामापकाने, मोजून पाहिलं. मांडणी अशी: एकात एक बसवलेले दोन थर्मोकोलचे कप, पुठ्ठ्याचं झाकण आणि ०.१ अंशापर्यंत वाचणारा डिजिटल थर्मामीटर. पाणी १०० ग्रॅम, क्षार १० ग्रॅम. क्षार बारीक कुटूनच घ्या. खडे विरघळायला वेळ लावतात, तोवर बाहेरची उष्णता कपात शिरते आणि फरक कमी दिसतो.

नवसागराने, म्हणजे अमोनियम क्लोराइडने, पाणी २७.० वरून २१.२ वर आणलं. द्रावण-उष्णता (विरघळताना दर मोलमागे घेतली किंवा सोडली जाणारी उष्णता; अधिक चिन्ह म्हणजे घेतली जाणारी) +१४.८ किलोज्यूल प्रति मोल धरली तर हिशेब साधारण सहा अंशांचाच येतो. कृषी सेवा केंद्रातलं १३-०-४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणखी गार निघालं: सात अंशांच्या वर घट. हाच तो सोरा. अकबराकडे पिण्याचं पाणी सोऱ्याने गार करत, असं त्याच्या दरबारातल्या अबुल फझलने लिहून ठेवलंय.

कपाटात टांगायच्या ओल शोषणाऱ्या पिशवीतलं कॅल्शियम क्लोराइड उलट्या दिशेचं. नव्या पिशवीतले दाणे टाकले तर पाणी ११ अंशांनी तापलं. पूर्ण निर्जल असतं तर १६-१७ अंश चढायला हवे होते. दाण्यांनी आधीच थोडं पाणी धरलेलं असतं आणि त्या बंधांची उष्णता तेव्हाच निघून गेलेली असते. दर रेणूमागे सहा रेणू पाणी घेतलेलं कॅल्शियम क्लोराइड तर विरघळताना गारवाच देतं.

मला खरी मजा आली ती मिठात. घट जेमतेम दीड अंश, बघणाऱ्याला कंटाळवाणी. पण आत काय चाललंय पाहा: एक मोल मिठाच्या स्फटिकाची जाळी उसवायला सुमारे ७८७ किलोज्यूल लागतात आणि सुट्या आयनांना (विद्युतभारित कणांना) पाण्याचे रेणू वेढतात तेव्हा जवळपास तेवढेच परत मिळतात. थर्मामीटरवर दिसते ती या वजाबाकीतली चिल्लर, मोलमागे +३.९ किलोज्यूल. तोट्याचा व्यवहार असूनही मीठ विरघळतं, कारण आयन पाण्यात विखुरल्याने एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, वाढते.

‘मग कुल्फीच्या पिंपात मिठाने एवढी थंडी कशी?’ हा प्रश्न हमखास येतो. तिथे उष्णता खातो तो वितळणारा बर्फ, ग्रॅममागे ३३४ ज्यूल. मीठ फक्त गोठणबिंदू खाली ओढतं, फार तर उणे २१ पर्यंत.

पुढची पाळी पोटॅशियम क्लोराइडची. लाल पोटॅश नको, त्यातला लोहाचा गाळ विरघळत नाही, पांढरं घेणार. +१७.२ किलोज्यूल प्रति मोल या द्रावण-उष्णतेप्रमाणे पाच अंशांची घट अपेक्षित आहे.