केअर लिस्ट नसताना पेपर कसा छापला

फेब्रुवारी 2025मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, केअर लिस्ट ही दर्जेदार संशोधन-जर्नलांची यादी बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये निम्म्या लोकांनी सुटलो म्हटलं आणि निम्म्यांनी डोक्याला हात लावला. मी दुसऱ्या गटात होते. माझा संशोधनपेपर जवळजवळ लिहून झाला होता आणि तो कुठे पाठवायचा हे ठरवायची सोपी वाट बंद झाली होती. आता म्हणे निकष सुचवलेत, संपादक मंडळ कसं आहे, रिव्ह्यू (छापण्याआधी जाणकारांकडून होणारी तपासणी) कसा होतो, पैशांचा व्यवहार उघड आहे का वगैरे, आणि त्यावरून ज्याचं त्यानं ठरवायचं.

त्या यादीवर माझं काही फार प्रेम होतं अशातला भाग नाही. तिच्या आधीची 'मान्यताप्राप्त जर्नलां'ची यादी आठवत असेल. विद्यापीठांनी सुचवलेली नावं त्यात सर्रास घुसली होती. पुण्यातल्या संशोधकांनी त्यातल्या काही जर्नलांची तपासणी करून 2018मध्ये 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं, की तपासलेल्यांपैकी 88 टक्क्यांहून जास्त जर्नलं हलक्या दर्जाची असावीत. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचा आयएसएसएन हा ओळखक्रमांक चुकीचा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या प्रभावाचा आकडा, घरीच तयार केलेला. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं 4,305 जर्नलं एका फटक्यात काढून टाकली. मग केअर आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालायचं. ती बरी होती, पण तिच्यातल्या जर्नलांच्याही हुबेहूब नकली वेबसाइट निघाल्या. तेच नाव, तोच आयएसएसएन, फक्त पैसे भरायचं खातं वेगळं.

आमचा पेपर रत्नागिरीकडच्या सड्यांवरचा, म्हणजे तिथल्या कातळी पठारांवरचा. पावसाळ्यात कातळावर डबकी भरतात आणि दिवाळीच्या आसपास कोरडी पडतात. तेवढ्या काळात त्यांच्यात फेअरी श्रिम्पसारखे छोटे कवचधारी प्राणी जन्मतात, वाढतात, अंडी घालून मरतात. ती अंडी पुढच्या पावसापर्यंत उन्हात तापत पडून राहतात. कोणत्या डबक्यात काय सापडतं आणि डबकं किती दिवस टिकतं, याची आम्ही सांगड घातली होती. माझी पीएचडीची विद्यार्थिनी सहलेखिका. पीएचडीसाठी पेपर छापणं 2022च्या नियमांनी सक्तीचं ठेवलेलं नाही, पण तिला पुढे नोकरी शोधायची आहे, त्यामुळे सक्ती गेली काय आणि राहिली काय. मला कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलसाठी हवाच होता.

जर्नल शोधायला बसलो तशी आधी मेलबॉक्सनंच उत्तरं द्यायला सुरुवात केली. व्हॉट्सअॅप ग्रुपवरसुद्धा जाहिराती फिरत होत्या: दोन दिवसांत स्वीकृती, प्रमाणपत्र मोफत, सहलेखक वाढवायचा तर जादा आकार. त्यातल्या एका जर्नलचं संपादक मंडळ वेबसाइटवर बरंच भारदस्त दिसत होतं. त्यात दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांचं नाव ओळखीचं निघालं. माझ्या गाइड सरांकडून नंबर मिळवून मी सरळ फोन लावला. ते हसले. म्हणाले, "मॅडम, मी मंडळावर आहे हे मला तुमच्याकडूनच कळतंय." हा फोन मला सगळ्या निकषांपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा वाटला. पुढे जे जर्नल निवडलं त्याच्याही मंडळातल्या एकांना मी असंच विचारलं. त्यांनी आपण नुकताच कोणता पेपर तपासला तेही सांगितलं.

रिट्रॅक्शन वॉच या संकेतस्थळाचा, चुका किंवा गैरप्रकारांमुळे माघारी घेतलेल्या पेपरांचा साठा 2023मध्ये क्रॉसरेफ या पेपरांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेनं घेऊन सगळ्यांना खुला केला. तो चाळायची सवय मला विद्यार्थिनीनं लावली. 2023 हे वर्ष तर असं, की जगभरात 10,000हून जास्त पेपर मागे घेतले गेले आणि त्यातले 8,000हून जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशन कंपनीच्या जर्नलांतले. वायली या मोठ्या प्रकाशकानं ती कंपनी 2021मध्ये विकत घेतली होती. पेपर तयार करून विकणाऱ्या टोळ्या विशेषांकांच्या दारानं आत शिरल्या होत्या. शेवटी वायलीनं ते नावच बंद करायचं ठरवलं. आपल्याकडच्या किती लोकांच्या बढत्यांच्या फायलींत ते पेपर असतील, देव जाणे.

मग पैसा. एका प्रतिष्ठित जर्नलनं छापणावळ, म्हणजे एपीसी, 2,000 डॉलरच्या वर सांगितली. रुपयांत पावणेदोन लाखांच्या आसपास. 'नेचर'नं 2020मध्ये खुल्या प्रकाशनाचा दर 9,500 युरो जाहीर केला होता, त्यापुढे हे काहीच नाही म्हणा, पण आमच्या कॉलेजच्या रिसर्च हेडमध्ये वर्षाला जे येतं त्यात काचेच्या बाटल्या आणि अल्कोहोल भागतं. गरीब देशांना सवलत असते असं सगळे सांगतात. मोठ्या प्रकाशकांच्या त्या सवलतीच्या यादीत भारत बहुतेक वेळा नसतो, हे कुणी सांगत नाही.

संस्थांना जर्नलं वाचायला मिळावीत म्हणून सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना आहे ना, असं प्राचार्य म्हणाले. आहे. नोव्हेंबर 2024मध्ये मंजूर झालं, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 जर्नलं. पण पहिल्या टप्प्यात ते सरकारी संस्थांसाठी. आमचं कॉलेज अनुदानित असलं तरी चालवते खासगी शिक्षणसंस्था, त्यामुळे आम्ही दाराबाहेर. त्याच योजनेत चांगल्या खुल्या जर्नलांच्या एपीसीसाठी वर्षाला 150 कोटी ठेवलेत, तेही लाभार्थी संस्थांतल्या लेखकांना. महाराष्ट्रातली निम्मीशिम्मी सीनियर कॉलेजं आमच्यासारखीच असतील. वाचायचे पेपर मी अजून लेखकांना मेल टाकून मागवते आणि दहातले सात जण पाठवतातही.

शेवटी लेखकाकडूनही पैसे न घेणारं आणि वाचकाकडूनही न घेणारं जर्नल निवडलं. अशा जर्नलांना डायमंड म्हणतात. आपल्याकडे ती आहेत, आणि ती चालवणारी माणसं मिळेल त्या वेळात हे काम करतात. म्हणून उशीर होतो. तो मी धरून चालले होते.

तोवर प्रीप्रिंट, म्हणजे रिव्ह्यूआधीचा मसुदा, सगळ्यांसाठी टाकू या, असा विद्यार्थिनीचा हट्ट. गाइड सर साफ विरोधात. "उद्या कुणी उचललं म्हणजे?" ती म्हणाली, "सर, उलट तारखेसकट नोंद राहते, मग उचलणार कसं?" 'बायोआर्काइव्ह' या जीवशास्त्राच्या प्रीप्रिंट संकेतस्थळावर टाकला. जुजबी तपासणी होऊन थोड्याच दिवसांत डीओआय या कायमच्या ओळखक्रमांकासकट दिसू लागला. सर अजून नाराज आहेत. पण केरळमधल्या एका संशोधकानं तिथेच वाचून लिहिलं, की तुमच्या चौथ्या आकृतीतला प्राणी वेगळ्या प्रजातीचा वाटतो, नराचे स्पर्शक पुन्हा बघा. कुठलाही रिव्ह्यू सुरू व्हायच्या आधी हे मिळालं. फेअरी श्रिम्प ओळखायचा तर नराच्या दुसऱ्या स्पर्शकांच्या जोडीवरूनच ओळखावा लागतो. आम्ही बाटल्या काढून मायक्रोस्कोपखाली परत बसलो. बाकीचे नमुने ठीक निघाले, त्या एकाची ओळख आम्ही प्रजातीपर्यंत न नेता वरच्या पातळीच्या वंशापर्यंतच ठेवली आणि तसं लिहिलं.

सबमिशनच्या फॉर्मवर हल्ली एक नवा रकाना असतो: एआयचा वापर केला का, कशासाठी. आम्ही इंग्रजी सफाईसाठी केला होता, तसं लिहिलं. एआयला लेखक म्हणून घ्यायचं नाही हे बऱ्याच मोठ्या जर्नलांनी 2023पासून सांगून टाकलंय. सफाईला मात्र बहुतेकांची हरकत नसते. पण ही सफाई वाक्यावाक्याला तपासावी लागते. 'तीन सड्यांवर आढळले' असं आमचं वाक्य होतं. त्याचं तिकडून 'कोकणात सर्वत्र आढळतात' होऊन आलं. इंग्रजी झकास, विज्ञान गायब. विद्यार्थिनीनं ते पकडलं, मग दोघींनी मिळून मूळ मसुदा शेजारी ठेवून सगळा मजकूर पुन्हा वाचला.

आणि आता रिव्ह्यू. पहिल्या रिव्ह्यूअरनं चार ओळीत काम उरकलं होतं, ते चालतं. दुसरा रिपोर्ट दीड पानाचा, गुळगुळीत, प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात कौतुकानं. त्यात लिहिलं होतं, की प्रवाहाच्या वेगाची मोजमापं द्या. डबक्यात प्रवाह? वर तीन संदर्भ जोडा म्हणून सुचवलेले. मी तिन्ही शोधले. एक पूर्णपणे वेगळ्या विषयावरचा होता, उरलेले दोन जगात कुठेच नव्हते.

हा रिपोर्ट कुणी यंत्राकडून लिहून घेतला असणार, हे उघड होतं. पण तसा आरोप करायचा कसा? माझ्या हातात काय पुरावा? मी संपादकांना एवढंच लिहिलं, की सुचवलेले दोन संदर्भ मला सापडत नाहीत, डीओआय मिळाल्यास आभारी राहीन, आणि आमच्या डबक्यांत वाहतं पाणी नसल्यामुळे तो मुद्दा लागू होत नाही. संपादकांचं दोन ओळींचं उत्तर आलं. तो रिपोर्ट बाजूला ठेवला आहे, तिसरे रिव्ह्यूअर शोधतो आहोत.

लेखकांची बाजूही काही धुतल्या तांदळासारखी नाही. जुलै 2025मध्ये 'निक्केई' या जपानी वृत्तसंस्थेनं 'आर्काइव्ह' या प्रीप्रिंट संकेतस्थळावरचे 17 पेपर शोधून दाखवले. त्यांत पांढऱ्या शाईत किंवा डोळ्याला दिसणार नाही इतक्या बारीक अक्षरांत सूचना लपवल्या होत्या, की फक्त चांगलाच रिव्ह्यू दे. सूचना अर्थातच एआयला. माणूस वाचणार नाही याची लेखकांनाही खात्री होती म्हणायची. 'नेचर'नं जून 2025पासून छापल्या जाणाऱ्या नव्या संशोधनपेपरांबरोबर रिव्ह्यूअर आणि लेखकांमधला पत्रव्यवहारही खुला करायला घेतलाय. माझ्या मते ही चांगली गोष्ट झाली. प्रवाहाचा वेग विचारणारा रिपोर्ट चारचौघांत छापायचा तर लिहिणारा दहादा विचार करेल.

तिसऱ्या रिव्ह्यूअरनं मात्र आम्हाला घाम फोडला. प्रत्येक डबक्याची खोली कोणत्या तारखेला मोजली, ते का दिलं नाही? पाऊस कुठल्या केंद्राचा धरला? डबक्यांची संख्या कमी आहे, मग हे सांख्यिकी सूत्र कसं चालेल? एकेक प्रश्न रास्त. फील्ड डायरीतल्या तारखा काढून तक्ता केला, सूत्र बदललं, निष्कर्षातलं एक वाक्य सौम्य केलं. सगळा कच्चा डेटा 'झेनोडो' या खुल्या साठ्यावर ठेवला. तो युरोपातल्या सर्न या संशोधनसंस्थेकडून चालतो आणि फुकट आहे. पेपर पहिल्यापेक्षा चांगला झाला, याबद्दल आमच्या तिघांत दुमत नाही, सर धरून.

स्वीकृतीचं पत्र आल्यावर आयक्यूएसीचा, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचा, फॉर्म भरायला घेतला. त्यात अजून रकाना आहे: 'यूजीसी केअर लिस्ट क्रमांक'. ऑफिसमधले भाऊ म्हणाले, "मॅडम, रकाना मोकळा ठेवला तर वरून परत येईल." मी 'यादी रद्द, यूजीसी सूचना फेब्रुवारी 2025' असं लिहिलं आणि सूचनेची प्रत, तिन्ही रिपोर्ट, आमची उत्तरं असं सगळं जोडलं. फाइल जाड झाली. वर कुणी वाचलं का ते माहीत नाही, परत तरी आलेली नाही.

पेपर छापून आल्यावर त्याच जर्नलकडून मला एक हस्तलिखित तपासायला आलं. सोबत अट, की हे कुठल्याही एआय साधनात टाकायचं नाही. दोन शनिवार-रविवार गेले. भाषा सुरेख होती, आकृत्या नीट होत्या, आणि संदर्भयादीतले पाच संदर्भ कुठेच सापडले नाहीत. मी पाचही क्रमांक लिहून संपादकांना कळवले. लेखकांनी ते संदर्भ कुठून घेतले हे आधी विचारावं, मग पुढचं वाचते, असं सांगितलं. संपादकांनी पेपर लेखकांकडे धाडला. अजून तरी उत्तर आलेलं नाही.