स्मरणचाचणी, उघडं दार आणि पाच महिने : माझा अनुभव

रिपोर्टवर लिहिलं होतं, 'ऐकलेलं लक्षात ठेवण्याची क्षमता वयाच्या मानाने कमी.' या एका ओळीपायी आमचे पाच महिने गेले. अजूनही ती ओळ आठवली की माझं डोकं तापतं.

लेक माझा नऊ वर्षांचा, चौथीत. वर्गातल्या बाई म्हणायच्या, तोंडी सांगितलेलं याच्याजवळ राहत नाही. 'वही काढा, तारीख टाका, पान ४२ उघडा' म्हटलं की हा वही काढून बसून राहतो. शाळेने रिपोर्ट आणायला सांगितला. कानांची तपासणी नागपुरात धंतोलीत झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आवाजबंद खोली, हेडफोन, बारीक शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा. वीस मिनिटांत मोकळे. दोन्ही कान उत्तम.

मग स्मरण आणि लक्ष यांची चाचणी. ती ज्या संस्थेत झाली तिचं नाव लिहीत नाही. चाचणी मात्र चांगली आहे, हे आधी सांगते. एका परदेशी बुद्धिमत्ता चाचणीचं भारतीय मुलांसाठीचं हे रूप आपल्या नागपूरच्याच डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ साली तयार केलं, हे कळलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. त्यात आकड्यांचा एक भाग असतो. परीक्षक सेकंदाला एक या चालीने आकडे म्हणतात आणि मुलाने ते त्याच क्रमाने परत म्हणायचे. आधी तीन, मग चार, मग पाच. नंतर उलट क्रमाने.

मे महिना होता, पारा ४४ वर. व्हरांड्यात दोन तास बसलो. टोकन देणारे काका मायाळू होते. "लेकराला काऊन उन्हात घेऊन फिरून राहिल्या बाई? बसा, मी आवाज देतो," म्हणाले. मीही लेकाला दोनदा बजावलं, कान दाराकडे ठेव, आपला नंबर गेला तर पुन्हा रांग. तो बिचारा दोन तास नुसता ऐकत बसला. शेवटी आमचा पुकारा झाला, तो आत गेला आणि मी दाराशीच बाकावर बसले.

दार उघडं होतं. आत मोठा डेझर्ट कूलर घरघरत होता, आणि हवा बाहेर जायला वाट नसेल तर कूलर नुसता दमटपणा करतो, हे नागपुरात कुणाला सांगायला नको. म्हणून दार उघडं. त्या दारातून काकांचा आवाज आत जात होता, "सदतीस! सदतीस आहे का? अडतीस!" चाळीस मिनिटांत पंचवीस-तीस वेळा तरी. प्रत्येक वेळी लेकाची मान दाराकडे वळत होती. मला ते दिसत होतं आणि मी काही बोलले नाही, याची हळहळ आजही आहे.

निकाल : सरळ क्रमाने चार आकडे, उलट क्रमाने दोन.

मी लगेच अर्ज केला की कूलरच्या आवाजात चाचणी झाली, ती पुन्हा घ्या. इथून खरा छळ सुरू झाला. फेरचाचणीचा छापील नमुनाच नाही म्हणे. साध्या कागदावर लिहून दिलं तर आवक खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद. दुसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. (पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. झेरॉक्सवर शिक्का आणि आवक क्रमांक मागून घ्या. माझा पहिला अर्ज सापडलाच नाही.) तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, "कूलर सगळ्याच मुलांना असतो मॅडम. आणि तीच चाचणी सहा महिने घेता येत नाही." सहा महिन्यांचं कारण खोटं नव्हतं. तीच चाचणी लगेच घेतली तर सरावाने गुण वाढतात. पण तोवर शाळेत काय द्यायचं, यावर कोणी बोलायला तयार नव्हतं. मी दर आठवड्याला मेट्रोने जायची, बसायची, परत यायची. जून गेला, जुलै गेला.

कोडं सुटलं ते मोठ्या मुलीच्या शाळेतल्या समुपदेशक ताईंमुळे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला : "दार उघडं होतं का?"

मग त्यांनी समजावलं. कानावर पडलेला शब्द मनात जेमतेम दोन सेकंद टिकतो. मनातल्या मनात घोकला तरच पुढे राहतो. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम करताना माहिती तात्पुरती मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, मांडणी केली, त्यातलाच हा घोकण्याचा भाग. बाहेरचं बोलणं नेमकं या घोकण्यातच घुसतं. १९७६ च्या एका प्रयोगात तर लोकांना अक्षरं डोळ्यांनी वाचून लक्षात ठेवायची होती आणि मागे त्यांना न समजणारं जर्मन वाचन चालू होतं, तरी चुका वाढल्या. म्हणजे बाहेरचा माणूस आकडेच म्हणत होता म्हणून घोटाळा झाला असं नाही. कुठलंही बदलत जाणारं बोलणं तेवढंच घातक. कूलरची एकसुरी घरघर मात्र अशी घुसत नाही. शब्द नीट ऐकू येत असले तर तिचा त्रास फार नसतो. मी तीन महिने चुकीच्या आवाजाविरुद्ध भांडत होते!

शिवाय लक्षाचा प्रश्न वेगळाच. २००१ च्या एका अभ्यासात लोकांना एका कानातलं बोलणं म्हणत राहायचं होतं आणि दुसऱ्या कानात मध्येच त्यांचं नाव घेतलं जाई. कार्यकारी स्मृती कमी असलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी ते नाव टिपलं, जास्त असलेल्यांपैकी फक्त २० टक्क्यांनी. स्मृती तोकडी असेल तर नको तो आवाज अडवता येत नाही, आणि आवाज आत आला की उरलेली स्मृतीही सांडते. मुलांना तर हे अडवणं मोठ्यांपेक्षा अवघड जातं. आणि माझ्या लेकाला मीच दोन तास पुकाऱ्याकडे कान लावायला शिकवलं होतं. अशा खोलीत आलेल्या चार आकड्यांवरून स्मृती कमी की लक्ष दुसरीकडे, हे कोण सांगणार? कान तपासायला आवाजबंद खोली आणि लक्ष तपासायला उघडं दार, हे मला अजूनही पटत नाही.

घरी करून पाहिलं. आकडे घेतले नाहीत, कारण खऱ्या चाचणीचा सराव झाला असता. सुटी अक्षरं घेतली, तीही एकमेकांसारखी न वाजणारी. प, ब, फ एकत्र आले की मोठ्यांचाही गोंधळ होतो. कूलर चालू असताना तो सहा अक्षरं म्हणायचा. बातम्या लावल्या की चार.

नवा अर्ज लिहिला, एका पानाचा. त्यात कूलर नाही, राग नाही. दार उघडं होतं, टोकन किती वेळा पुकारलं गेलं, मूल किती वेळा वळलं, एवढंच. आणि विनंती : सकाळची पहिली वेळ, बंद दार, आकड्यांची वेगळी मालिका. हा अर्ज एका वरिष्ठ मॅडमनी वाचला, मान हलवली आणि ऑक्टोबरची तारीख दिली. माझे डोळे तिथेच भरून आले.

भाषेचंही आधी विचारा, हे राहिलंच. मे महिन्यात परीक्षकांनी आकडे हिंदीत सुरू केले होते. लेक मनात मराठी करून मग म्हणायचा, म्हणजे आणखी एक काम. या वेळी मी आधीच मराठी सांगून ठेवलं.

ऑक्टोबरमध्ये थंडावा होता, दार लावता आलं. व्हरांड्यात बसवलं नाही, थेट आत. सरळ सहा, उलट चार. नव्या रिपोर्टमध्ये स्मृती वयानुसार, पण आजूबाजूला बोलणं चालू असताना लक्ष विखुरतं, असं स्पष्ट लिहून आलं.

बाईंनी तो रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. लेकाचा बाक मैदानाकडच्या खिडकीला लागून होता. तिथून उठवून त्याला दुसऱ्या ओळीत बसवलं, आणि आता त्या सूचना एकेक करून देतात. परवा पान ४२ च्या पुढचं सगळं त्याने वर्गातच लिहून आणलं.