येवल्याच्या जिरेनियम भट्टीवर: पाल्यातून निघणारा गुलाबाचा वास

नाशिक जिल्ह्यात सुगंधी पाल्याची शेती बघायची असेल तर त्र्यंबक-इगतपुरीच्या हिरव्या डोंगरांकडे वळू नका. उलट्या दिशेने निफाड, विंचूर करत येवल्याच्या कोरड्या माळावर जा. जिरेनियम म्हणजे पाल्यातून सुगंधी तेल देणारं झुडूप, त्याला घाटमाथ्याचा पाऊस सोसत नाही. मुळाशी पाणी साचलं की झाड कुजतं आणि उभा प्लॉट बसतो. येवला पर्जन्यछायेत असल्यामुळे इतर पिकांना जो भाग रुक्ष वाटतो, तो या झाडाला मानवतो. तिथेही मुरमाड, निचऱ्याची जमीनच लागते. काळ्या रानात लावायचं झालं तर उंच गादीवाफे करावे लागतात.

नाशिकहून येवला साधारण ८५ किलोमीटर. छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या एसटी येवल्याला थांबतात. मनमाड-दौंड मार्गावर येवला स्टेशनही आहे. पण शेतं गावाबाहेर, आडरस्त्याला असतात, म्हणून स्वतःची गाडी असलेली बरी. कांद्याचा हंगाम असेल तर विंचूरच्या आसपास ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा उजाडायच्या आधी नाशिक सोडा. चहा निफाडला घ्या, पुढे थांबू नका, कारण कापणी सकाळीच सुरू होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा दव नुकतं उडालं होतं आणि बायका विळे घेऊन वाफ्यांत उतरल्या होत्या. गुडघ्याएवढी झुडपं, कातरलेली लवदार पानं. गुलाबी फुलं तुरळक असतात आणि त्यांना जवळजवळ वास नसतो. सगळा सुगंध पानावरच्या बारीक ग्रंथींत. पान चोळून वास घेतला तर कोवळ्या पानाला लिंबासारखा आंबट वास येतो आणि कापणीला आलेल्या पानाला गुलाबासारखा. कापायची वेळ शेतकरी यावरूनच ओळखतात. एका ताईंनी दोन्ही पानं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे अजून कच्चं हाये, हे आलंय." खालची पानं पिवळी पडायला लागणं ही दुसरी खूण.

कापणीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे की झाड मुळापासून छाटत नाहीत. शेंड्याकडचा पाला घेतात आणि खाली थोडी हिरवी पानं ठेवतात. त्यातून फूट येते आणि साधारण तीन-चार महिन्यांनी पुन्हा कापणी मिळते. नीट सांभाळलेला प्लॉट दोन-तीन वर्षं चालतो. जास्तीच्या तेलाच्या हावेने खोल कापलं, तर जखमेतून बुरशी शिरते आणि झाड जातं. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी ते तमिळनाडूतल्या शेवरॉय डोंगरात आणलं. आपल्याकडच्या मैदानात त्याचा खरा शत्रू पावसाळाच. सुगंधी आणि औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेने मातृरोपं (ज्यांच्यापासून नवी रोपं करतात ती झाडं) पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या स्वस्त आडोशाखाली जगवायची पद्धत काढली, त्यामुळे रोपांचा खर्च खूप उतरला.

पाल्यातून तेल काढायची भट्टी शेताच्या कडेलाच होती. पाला टाकीत पायांनी दाबून भरतात, म्हणजे वाफ मधल्या पोकळीतून निसटत नाही. झाकण आवळलं की बॉयलरमधली वाफ खालून सोडतात. वाफ तेल घेऊन वर येते, कंडेन्सरमध्ये थंड होते आणि सेपरेटरमध्ये तेल पाण्यावर तरंगतं. एका घाणीला, म्हणजे एकदा भरलेल्या टाकीला, चार-पाच तास लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच जा. एक टन पाल्यातून तेल निघतं जेमतेम किलोभर. गुलाबाच्या तेलाला मात्र किलोमागे तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. गुलाबात असतात ती सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल ही दोन्ही द्रव्यं याही तेलात असल्यामुळे अत्तरवाले जिरेनियमला इतका मान देतात. मुघलांच्या काळी गुलशनाबाद म्हणवलेल्या नाशिकच्या जिल्ह्यात गुलाबाचा वास पाल्यातून निघताना बघून मला फार आनंद झाला.

'नैसर्गिक' हा शब्द बाटलीवर छापणं सोपं आहे, त्याची परीक्षा भट्टीवर होते. तुम्ही गेलात तर पहिला प्रश्न बॉयलरमध्ये काय जाळता हा विचारा. ही भट्टी आधीच्या घाणीच्या वाळवलेल्या चोथ्यावर चालत होती, उरलेला चोथा खताच्या खड्ड्यात जात होता. कुठे बाभळीची लाकडं रचलेली दिसली तर तो सुगंध माळाला महाग पडतोय असं समजा. कंडेन्सरचं थंड पाणी हौदातून फिरवतात की वाहून जातं, तेही बघा. येवल्यासारख्या भागात हे विचारलंच पाहिजे. कापणीआधी शेवटची फवारणी कशाची आणि कधी झाली, हेही विचारा.

ताज्या तेलाचा वास घेऊन निराश होऊ नका. त्याला उकडलेल्या पाल्याचा, भट्टीचा वास असतो. काही आठवडे मुरल्यावर तो जातो आणि गुलाब, थोडा पुदिना, थोडा हिरवेपणा असे थर उलगडतात. चंदनाबरोबर आणि वाळ्याबरोबर ते सुरेख बसतं. थेट कातडीवर लावू नका, खोबरेल किंवा बदामाच्या तेलात अगदी थोडं मिसळा. विकत घेणार असाल तर गडद काचेची बाटली घरून न्या, प्लॅस्टिक नको. मोठी खरेदी असेल तर त्याच घाणीचा जीसी रिपोर्ट (तेलात कोणती द्रव्यं किती आहेत ते दाखवणारी प्रयोगशाळेची तपासणी) मागा, कारण या तेलात स्वस्त सिट्रोनेलॉल मिसळणं फार सोपं आहे.

शेतकरी म्हणून लागवडीच्या विचाराने जाणाऱ्यांना एवढंच कळकळीने सांगेन, की रोपं विकणाऱ्याच्या एकरी हिशोबावर जाऊ नका. तेल कोण घेणार, कोणत्या तपासणीवर घेणार आणि भट्टी किती लांब आहे, हे लेखी ठरल्याशिवाय एक रोपही लावू नका. कापलेला पाला ढिगात तापतो आणि तेल घटतं, म्हणून दूरची भट्टी परवडत नाही.

दुपारनंतर वेळ उरला तर येवल्यात पैठणीचे माग बघता येतात. हिवाळ्यात परतीला निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला जरूर थांबा. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, संध्याकाळी पक्षी भरपूर दिसतात.

जायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भट्टी रोज पेटत नाही, कापणी असेल तेव्हाच पेटते. त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून कापणी पक्की आहे का ते विचारा. ढगाळ हवामान असलं की कापणी पुढे ढकलतात.